विटांचा रस्ता

एकोणतीस वर्षं मी पूल उचलला.
बोट दिसली की घंटा, मग दांडा,
मग रस्ता आभाळात उभा,
आणि दोन्ही तीरांवर एक पाय टेकून
खोळंबलेल्या सायकली.
बोटवाल्यांकडून पैसे घ्यायला
गळाच्या काठीला लाकडी बूट बांधलेला असे.
त्यात ते नाणं टाकत. कधी बटणसुद्धा.
कुणी घाई केली तर म्हणायचो,
येईल हो खाली. पूल कधी वर राहिलाय का?

नोव्हेंबरात माझाच राहिला.
एका रात्रीत सहा वेळा, चार-चार सेकंद.
योरितनं कागदावर दाखवलं:
सुळका, सुळका, सुळका,
आणि मग आमच्या मुलखासारखं
सपाट.

आता तू आहेस.
डाव्या हासळीखाली, काडेपेटीहून लहान.
सीत्स्के तुला भाडेकरू म्हणते.
सहा आठवडे डावा हात खांद्यावर न्यायचा नव्हता,
वरच्या फळीवरचा कॉफीचा डबा तीच काढून द्यायची.
सायकल शेडमध्ये, जुन्या चादरीखाली.
तिनं विषय काढला नाही,
मी चादर काढली नाही.

मार्चमध्ये टिटव्या परतल्या.
ओल्या कुरणावर एक गरगरत वर गेली,
दगड टाकावा तशी खाली आली,
आणि मी हवेचा पंप शोधायला लागलो.

आमच्याकडे घाट नाहीत.
वारा हाच घाट,
आणि तो रोज जागा बदलतो.
त्या दिवशी तो नेमका समुद्राच्या बांधावर होता.
मांड्या पेटल्या, श्वास तोकडा पडला,
आणि तू
साठ.
साठ.
साठ.
तुला वाटलं, मी खुर्चीत बसलोय.
तुझाही दोष नाही. अंग हललं की तुला कळतं,
आणि सायकलवर माझी पाठ
चर्चच्या बाकावर असते तितकी ताठ.
खाली पाय काय हमाली करताहेत
ते तुला वरून कुठलं दिसायला?
डोळ्यांपुढे काजवे आले. उतरलो.
एका मेंढीनं चघळणं थांबवून माझ्याकडे पाहिलं,
मग पुन्हा चघळायला लागली.

परतताना वारा पाठीशी.
पाय नुसते ठेवलेले.
गावात शिरताना तो विटांचा रस्ता लागला,
मडगार्ड खडखडलं, घंटा आपसूक किणकिणली,
आणि तू धडपडून उठलास!
नव्वद, एकशे पाच, एकशे वीस,
जणू घराला आग लागलीय
आणि बादली तुझ्याच हातात.
मी भररस्त्यात हसत सुटलो.
बेकरीतला डौवे दारात आला,
त्यानं आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं,
मग फोनकडे.

योरितनं छातीवर एक चकती ठेवली
आणि संगणकावर दोन आकडे बदलले.
एवढंच.
मी बटणं लावत होतो, आणि आठवलं:
माझा पूलही आता कुठल्याशा खोलीतून
पडद्यावर बघून उचलतात.
निरोपाच्या दिवशी मी त्यांना
नाही नाही ते बोललो होतो.
केक तसाच टेबलावर सोडून आलो होतो.

काल सीत्स्के पुढे, मी मागे.
वारा तिरका. तू जरा उशिरानं,
पण आलास बरोबर.
पुलाशी पोहोचलो आणि घंटा झाली.
एक पाय टेकून उभा राहिलो,
जन्मात पहिल्यांदा या बाजूला.
शंभर, नव्वद, ऐंशी,
तूही हळूहळू टेकलास.
खालून एक जुनी बोट निघाली.
सुकाणूवरच्या म्हाताऱ्यानं खिशात हात घातला,
वर पाहिलं,
कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याकडे थोडं बघत राहिला,
आणि हात तसाच बाहेर काढला.

फळ्या खाली येऊ लागल्या.
सीत्स्केनं पायडल वर घेतलं. चल, म्हणाली.
थांब, म्हटलं.
पूर्ण बसू दे आधी.