काटा स्थिर होईपर्यंत

परत येऊन आठवा दिवस.
मानेवाड्याच्या घरात फरशी अजून हलते.
भांडी घासताना मी ओट्याला पोट टेकवून उभी राहते.
बादलीतलं पाणी ढिम्म.
मग हलतंय कोण?

डॉक्टर म्हणाले, कानाच्या आत असतं काहीतरी,
त्याला अजून कळलेलं नाही
तुम्ही उतरलात ते.
शेजारच्या बोकडेबाई म्हणाल्या,
काहून गेल्ते बाप्पा येवढ्या पाण्यात,
आपल्या पायाले सवय हाय का?

यांची सगळी नोकरी वजनमापे खात्यात गेली.
इतवारीतल्या किराण्याचे, कळमन्यातल्या धान्याचे तराजू
यांच्या शिक्क्याशिवाय खरे नव्हते.
काटा थरथरत असेल तर आकडा लिहायचा नाही,
हात मागे बांधून थांबायचं.
मला बघायला आले तेव्हाही तसेच थांबले होते,
चहा निवेपर्यंत.

तिकिटं जावयाने काढली.
तिसऱ्या रात्री समुद्र उठला.
आधी पोहण्याच्या तलावावर जाळी आली,
मग जिन्याच्या कठड्यावर जागोजाग
कागदी पिशव्या खोचलेल्या दिसल्या,
कुणाच्या लग्नात पानसुपारी ठेवावी तशा.
जेवणघरात बश्या एका बाजूला सरकल्या,
थांबल्या, विचार केल्यासारख्या,
आणि परत आल्या.
पियानोवाला पोरगा वाजवतच राहिला, एका हाताने,
दुसऱ्याने पियानो धरून.

हे पलंगावर उताणे.
डावीकडे, म्हणायचे. आता उजवीकडे.
आता मध्ये येईल.
मध्ये यायचंच नाही.
यांनी माझं मनगट धरलं, बांगडीसकट.
बांगडी रुतली, मी बोलले नाही.
सुंठ चाटवली, कपाळ चोळलं,
आणि हे झोपल्यावर
(हे अजून कुणाला सांगितलेलं नाही)
एकेक बोट सोडवून
अनवाणी बाहेर गेले.

कॉरिडॉर आधी चढ होता, मग उतार.
टोकाला मोठी काच.
बाहेर नुसतं काळं,
आणि त्या काळ्यातून आमच्या घराएवढं काही
गच्चीसकट, पाण्याच्या टाकीसकट उठायचं
आणि काचेवर येऊन फुटायचं.
पोटात ढवळलं नाही. भीतीही नाही.
गुडघे आपसूक वाकत होते, सरळ होत होते,
कांद्रीच्या खाणीवरून बाबांचा ट्रक निघाला की
मँगनीजच्या ढिगावर उभी राहायचे,
तेव्हाचे गुडघे.
कुठे होते इतकी वर्षं?
मी हसले. मोठ्याने.
एका खलाशाने दुरून हात केला, आत जा, आत जा.
मी त्यालाही हात केला.

काल फुटाळ्याला गेलो.
हे पाण्याकडे पाठ करून कणीस खात होते
आणि भेटलेल्या गजभियेंना सांगत होते,
तीन मजली लाटा साहेब, तीन मजली,
आणि ही तर रात्रभर माझ्याच भरवशावर.
मी मान डोलावली.
ती थोडी जास्तच डोलली.

आज पहाटे पाय टेकले
तर फरशी गप्प.
दुसरं पाऊल टाकलं. गप्प.
फ्रिजजवळ, देव्हाऱ्याजवळ, मोरीत,
सगळीकडे जमीनच जमीन.

हे दारात उभे, हात मागे बांधून.
थांबलं का गं?
नाही अजून, म्हणते मी
आणि ओट्याला धरून
थोडी डावीकडे कलते.