'इतर' नावाचा रकाना

विर्वेची खुर्ची आता रिकामी असते.
कागदी वह्या तिने तळघरात नेऊन ठेवल्या,
आम्लाने भोकं पडलेल्या, पेन्सिलीने भरलेल्या,
आणि साठीला टेकल्यावर शिकली
पडद्यावरच्या वहीत लिहायला.

ही वही खोडू देत नाही.
चुकलात तर चुकीवर रेघ येते,
रेघेशेजारी तुमचं नाव, वेळ, सेकंदासकट.
विर्वे म्हणायची, माझी सासू अशीच होती.

आज तार्तूत अंधार लवकर पडला.
तावेत तिचे आकडे उघडून बसलाय:
दलदलीतल्या शेवाळाचे नमुने, एकतीस ते चाळीस,
सगळे एकाच अंगाला कललेले.
ओउलूहून पिर्कोने दोनदा विचारलंय,
"आमचे जुळत नाहीत. तुमचं काही चुकलं का?"

वजनं बरोबर. सह्या बरोबर.
तापमान उणे ऐंशी, रोज, न चुकता उणे ऐंशी.
मग अगदी तळाशी, 'इतर' नावाच्या रकान्यात,
जिथे कुणीच काही लिहीत नाही,
रात्री दोन चौदा:
"फ्रीजर आज वेगळ्याच सुरात गातोय.
घरी जाववत नाही."

दुरुस्तीची पावती सापडली.
कॉम्प्रेसर बदलला, त्या रात्रीनंतर अकरा दिवसांनी.

दहा नमुने बाद. तीन महिने.
त्याने ते पान ओउलूला खुलं केलं, खाली एक ओळ:
"आमचंच चुकलं. कधीपासून, तेही लिहिलेलं आहे."

मग नवी नोंद. तारीख आपोआप आली.
'इतर'पाशी तो थांबला,
कान देऊन,
आणि लिहिलं:
फ्रीजर शांत. खिडकीवर बर्फ.
माझा उजवा बूट ओला आहे.