उभी विहीर

विहीर खाली असते, हे कुणाला शिकवावं लागत नाही.
पण आकपेनेची विहीर आता वर आहे.
ओल्या वाळूत उभी, सिमेंटची सहा कडी एकावर एक,
ओहोटीला बघितली तर दोन पुरुष उंच.
पोरं तिच्यावर चढतात आणि लाटेत उड्या मारतात.

तिच्या बापानं, दोत्सेनं, खणली होती ती
माडांच्या मागे, घराच्या मागे, चुलाणांच्याही मागे.
समुद्र तेव्हा ऐकू यायचा, दिसायचा नाही.
एकेक कडं खाली सोडताना तो म्हणायचा,
जरा अजून, जरा अजून,
आणि सातव्या कड्याशी गोडं पाणी लागलं
तेव्हा पहिली ओंजळ त्यानं जमिनीलाच पाजली.

आधी माड गेले.
माड एकदम पडत नाही.
जाळ्यातून मासोळी सोडवावी
तशी लाट त्याची एकेक मुळी सोडवते,
मग एका सकाळी तो पाण्याकडे मान टाकून निजलेला असतो.
नंतर चुलाणं, ज्यांवर ती मासळी धुरवायची;
भाजक्या मातीचा लाल गढूळपणा तेवढा
दुपारपर्यंत पाण्यात होता.
मग घराची पुढची भिंत.
त्या रात्री वारा नव्हता. चांदण्या होत्या.
उंबऱ्यातला दिवासुद्धा विझला नाही.
वादळ झालं होतं दूर दक्षिणेला,
जिथे बोट नाही, माणूस नाही,
त्याला नाव ठेवायला कुणी नाही,
आणि त्याची लाट कित्येक दिवस चालत आली
हिच्या न्हाणीघरापर्यंत.

पायाखालची वाळू सरकणं इथे बोलण्यापुरतं नाही.
लाट तिरकी येते, सरळ मागे जाते,
प्रत्येक खेपेला कण थोडा पूर्वेला जातो.
एक खेप मोजली तर काहीच नाही.
पण लाट मोजत नाही.
माझं अंगण, आकपेने म्हणते,
तिकडे टोगोत कुणाचंतरी अंगण झालं असेल.
निदान रोज झाडत तरी असावेत.

अक्राहून एक जण आला होता, खांब, दोरी, गुडघ्यापर्यंतचे बूट.
म्हणाला, वर नदीला धरण आहे, वाळू तिथेच अडते.
पूर्वी समुद्र न्यायचा आणि नदी द्यायची.
आता आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?
मग समुद्राची चूक नाही? तिनं विचारलं.
तो वहीत लिहीत राहिला.

होडीवाले मात्र विहिरीवर खूश आहेत.
वाळवंटाकडची धूळ येऊन किनारा पुसला जातो
तेव्हा तेवढं एक काळं बोट दिसतं.
तिच्या डाव्या अंगाला जाळं टाकायचं.
उजव्या अंगाला नाही;
तिथे शाळेची भिंत आहे, जाळं फाटतं.

आकपेने आता खाऱ्या तळ्यापलीकडे राहते,
सेन्योच्या, भावाच्या आवारात.
तिथे नवी विहीर घ्यायची आहे.
गवंड्यानं विचारलं, किती खोल?
ती जरा थांबली.
समुद्र तिथून ऐकू येतो, दिसत नाही.
कडी नीट सांध, ती म्हणाली,
आणि बाहेरूनही गिलावा कर.