मेलेली कळ

सेतूबलच्या नोंदणी कचेरीत सदतीस वर्षं
मी जन्म टंकले, लग्नं टंकली, मृत्यू टंकले.
पहिल्याच दिवशी यंत्रं दुरुस्त करणाऱ्या ओर्लांदूनं
उजवीकडच्या एका कळीवर बोट ठेवून सांगितलं,
ही मेलेली आहे.
मी म्हटलं, मग बदला की.
तो एवढा हसला
की मिशीतला पावाचा चुरा माझ्या कागदांवर सांडला.

मेलेली म्हणजे अशी:
दाबली की तिरकी रेघ उमटते
पण गाडा जागचा हलत नाही.
रेघ तिथंच ताटकळते
डोकं नसलेल्या टोपीसारखी,
आणि तुम्ही पुढचं अक्षर मारता
ते नेमकं तिच्याखाली येऊन उभं राहतं.
मग दोघं मिळून एक पाऊल सरकतात.

बाकीची अक्षरं ठोकली की पुढं पळतात.
हिनं तेवढी कळ काढायची.

मला हे कळायला आठवडा लागला,
बोटांना दोन महिने.

बेल्मिरो होड्यांवर नावं रंगवायचा.
त्याचं सगळं उलटं.
आधी अक्षरं, ठसठशीत, निळी,
मग जेवण, मग झोप,
आणि उन्हं कलल्यावर बारीक कुंचल्यानं
वरच्या रेघा, छपरं, लाटा.
म्हणायचा, डोकं असेल तर टोपी घालावी ना, बाई.
मी म्हणायचे, सरकारात आधी टोपी.
या एका गोष्टीवर आमचं आयुष्यभर पटलं नाही.
बाकी बऱ्याच गोष्टींवरही नाही,
पण त्या आता आठवत नाहीत.

मुलगा टोरोंटोला गेला. तिथं नात झाली, कोन्स्तांसा.
शाळेच्या पटावर तिच्या नावातल्या अक्षराचं शेपूट
कुणीतरी कापलं
आणि ती दिवसभरापुरती कोन्स्तांका झाली.
सवय झाली म्हणते.
मी सदतीस वर्षांत एकाही पोराचं शेपूट कापलं नव्हतं.

तिचे निरोप यायचे आमच्या दोघांच्या एकाच फोनवर.
नुसतीच तीन अक्षरं, डोकी उघडी,
आणि पुढं: काय करतेस किंवा करतोस,
आमच्या भाषेत ते क्रियापदावरून कळत नाही.
छप्पर घातलं तर अवो, आजोबा.
तिरकी रेघ मारली तर अवॉ, आजी.
काहीच नाही घातलं तर
भांडण.
बेल्मिरो फोन ओढून घ्यायचा. मला आहे.
कशावरून?
आजीला कोण विचारतं काय करतेस म्हणून, दिसतंय की, भांडतेय.

मार्चपासून निरोप मलाच असतात.
अजूनही उघड्या डोक्याचे.
अजूनही मी वाचते
आणि फोन थोडा डावीकडे सरकवून ठेवते.

काल व्हिडिओवर तिला म्हटलं, बस, शिकवते.
तिनं तिच्या संगणकावर आंतरराष्ट्रीय का काय ती मांडणी लावली.
आता दाब.
दाबली. काहीच नाही झालं, अवॉ.
थांब.
बिघडलंय.
बिघडलेलं नाही. काही झालं नाही म्हणून
घाईनं दुसऱ्यांदा दाबू नकोस,
दोन दोन रेघा येतील आणि खाली कुणी नसेल.
आता अक्षर दे.
तिनं दिलं.
अच्छा, म्हणाली, म्हणजे ती वाट बघत होती.

मग तिनं आधी स्वतःच्या नावाला शेपूट लावलं,
मोठं करून, लाल करून, चारदा.
मग छपराची कळ शोधली, सहाच्या डोक्यावर,
आणि कुणी न सांगता लिहिलं
अवो.
मी चष्मा पुसला. काचेला काही नव्हतं.

आणि खाली अक्षर नको असेल तर?
तिनं विचारलं. मुलं विचारतात.
तर लांब पट्टी दाब, म्हटलं, रिकामी जागा देणारी.
तिनं दाबली.
पडद्यावर एवढंसं छप्पर उरलं,
खाली कुणी नाही,
आणि त्याच्या पुढं
लुकलुकणारी ती उभी काठी.