लोखंड किती वेळात वितळतं

खेळ सुरू होतो तेव्हा अंगावर फाटका सदरा
आणि हातात एक दगड.
कुणी काही सांगत नाही.
ना नकाशा, ना बाण, ना कुठल्या म्हाताऱ्याचा उपदेश.
समोर जंगल, मागे समुद्र,
डाव्या कोपऱ्यात भूक, तहान, थंडी
अशा तीन पट्ट्या, हळूहळू रिकाम्या होणाऱ्या.

मला हे आवडतं, सरळच सांगतो.
लेंगऱ्याच्या माळावर उभं राहिलं की
कुठंही जाता येईल असं वाटतं
पण एसटी फक्त विट्याला जाते.

आणि इथली रात्र खरी रात्र आहे.
दुसऱ्या खेळांत अंधार निळा असतो, सोयीचा.
इथं स्वतःचा हात दिसत नाही,
लांडगा आधी ऐकू येतो, मग दिसतो,
बऱ्याचदा दिसतच नाही.
पहिल्या आठवड्यात मी अकरा वेळा मेलो,
त्यातलं एकदा नुसती अळंबी खाऊन.
प्रत्येक वेळी चूक माझी होती.

कुऱ्हाड मात्र चाळीस घावांत मोडते.
चाळीस!
आमच्या गोठ्यातली कुऱ्हाड माझ्याहून वयानं मोठी आहे,
दांडा दोनदा बदललाय, एवढंच.

अण्णा सेलमहून आलेत, बारा दिवसांसाठी.
तिथल्या एका गल्लीत त्यांचं गलाईचं दुकान,
सहा बाय आठ.
तेवीस वर्षं सोनारांच्या पेढ्यांवरची धूळ,
जुन्या बांगड्या, तुटके डूल
आटवून शुद्ध सोनं परत देतात,
ज्याचं त्याला, वजन करून.
उजव्या हाताची तीन नखं तेजाबानं पिवळी.
संध्याकाळी खाटेवर माझ्या मागं बसतात,
मधूनच चुकून तमिळमध्ये हुंकार देतात.

काल मी पहिली भट्टी बांधली.
वीस दगड, थोडी माती.
त्यात खनिज टाकलं, लाकडं टाकली,
दहा सेकंदांत लोखंडाची कांडी बाहेर.
"झालं?"
"झालं."
"भाता कुणी मारला?"
"भाता नसतो."
"मग मूस? कीट कुठं गेलं? धूर?
आन् ह्याला घाम का न्हाई रं आला?"
ह्याला म्हणजे पडद्यावरच्या माणसाला.
खेळ आहे अण्णा, मी म्हणालो.
"रात्र तर चांगली काळी केलीया.
भट्टीलाच का फसवलं?"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.
खरं दुखणं तर अजून मी त्यांना सांगितलंच नव्हतं:
साठाव्या दिवसानंतर
घर होतं, कुंपण होतं, पेटीत सुकवलेलं मांस
दोन हिवाळे पुरेल एवढं.
लांडगे तेच, त्यांच्या यायच्या वेळा पाठ.
पट्ट्या भरलेल्या.
म्हणून मी आणखी एक खोली बांधतो,
मग तिच्यावर एक,
जिच्यात झोपायला कुणी नाही.
दोघांनी मिळून खेळता येतं म्हणे,
पण तासगावात प्रज्योतचं नेट गेलं की
त्याचा माणूस माझ्या दारात उभ्या उभ्या गोठतो.
त्याची भुकेची पट्टी उतरताना मला दिसते,
भरवायची सोय नाही.

"ह्याला शेवट काय?"
शेवट नाही, अण्णा. जाहिरातीत तेच लिहिलंय,
मोठ्या अक्षरांत.
"मंग सुट्टी?"

मी पॉजचं बटण दाखवलं.
त्यांनी दाबून बघितलं.
लांडगा हवेत थांबला, जबडा उघडा,
बर्फाचे कण जिथल्या तिथं.
परत दाबलं. लांडगा आला.
परत दाबलं.
कितीतरी वेळ ते तेवढंच करत होते.

आतून आई म्हणाली, दशम्यांचं पीठ आणायचंय,
शुक्रवारी मिरजेहून गाडी,
गिरणी आठला बंद होते.
मी डबा घेऊन गेलो.
परत आलो तेव्हा लांडगा अजून हवेतच होता
आणि अण्णा खाटेवर बसल्या बसल्या झोपलेले,
पिवळं नख बटणावर.