त्रेचाळीस टॅब

शिवोलीत एर्मेलिंदाबाईंकडे
माऊस हलवला की बाण
पूल होण्याआधीच्या चोपड्याच्या फेरीसारखा निघे.
पोचेपर्यंत चहा निवायचा.

"वायरस आसतलो," त्या म्हणाल्या.
वायरस नव्हता. कॅशे पुसला,
कूपनं दाखवणारी दोन एक्स्टेन्शनं उपटली,
तरी पंखा भाताच्या गिरणीसारखा.

मग मोजले. त्रेचाळीस टॅब उघडे.
लिस्बनची जन्मनोंदणी, तीनदा.
काजूबियांचा दर.
सोर्पोतेलची कृती, जी त्यांना झोपेतही येते.
म्हापशाच्या बँकेचं
कधीचं संपून गेलेलं सत्र.
एकेक मिटत गेलो,
गिरणी मवाळ होत गेली.

उरला एक. स्विंडनचं हवामान.
दर मिनिटाला स्वतःच ताजं होणारं,
निम्मी रॅम एकटं गिळून बसलेलं.
हाच तो, म्हटलं.

"ताका धांपूं नाका."

बोट क्लिकवर टेकलं होतं. उचललं.
टॅब डावीकडे ओढून पिन केला,
बिलाखाली लिहिलं:
चार जीबी रॅम वाढवावी, जमेल तेव्हा.

फाटकापर्यंत आल्या सोडायला.
अंगणात ऊन मी म्हणत होतं.
"आज सात डिग्री थंय," म्हणाल्या,
"आनी जाडो स्वेटर
हांगाच उरला, कपाटांत."