पाठीला टेकेल एवढंच

मुहर्रकला बू जासिमच्या दुकानात
मला नऊ वर्षं झाली.
घरी, दापोलीला, सांगून ठेवलंय : पाखरांचं दुकान.
खोटंही नाही. पुढे पाखरंच आहेत.
किरडं मागच्या खोलीत, काचेच्या पेट्यांत.
आई अजून दिवेलागणीनंतर नाव घेत नाही,
लांबडं म्हणते, आणि आधी पायाखाली बघते.

ऋजुता आली ती रडवेली.
मागे वडील, सित्र्याच्या रिफायनरीचा गणवेश तसाच अंगावर,
हातात आइस्क्रीमचा डबा, झाकणाला भोकं.
आत पेन्सिलीएवढं पिल्लू,
पिकल्या काजूबोंडाच्या रंगाचं.
"काका, बारा दिवस झाले, जेवत नाही."

लपतं कुठे? मी विचारलं.
तिने फोनवर फोटो दाखवला. किल्ला होता.
बुरूज, खिडक्या, चार दरवाजे,
आमच्याच दुकानातला, साडेसहा दिनारचा.
(विकला मीच असणार.
बू जासिम म्हणतो, महाग ते पुढे मांड.)

पोरी, म्हटलं, किल्ला तुला आवडला.
त्याच्या हिशेबाने चार दरवाजे
म्हणजे चारही बाजूंनी कोणीतरी येणार.
दार एकच असावं,
पोट भरल्यावरही अडकणार नाही एवढं.
वेटोळं घातलं की पाठ छताला टेकावी,
कुशी भिंतींना,
तेव्हा कुठे त्याला वाटतं, आता मी कोणाला दिसत नाही.
मोकळ्या जागेची हौस आपल्याला.
त्याला तिथे घारच दिसते,
काचेत जन्मलं, घार कधी पाहिली नाही, तरी.

आणि अशा जागा दोन हव्यात.
एक उबेच्या कोपऱ्यात, एक गारव्याला.
एकच ठेवलीस तर ते तिथेच अंग चोरून बसेल,
थंडीने आखडलं तरी हलणार नाही.
ऊब की आडोसा,
असं कोणाला निवडायला लावू नये.
हे मी जरा मोठ्याने बोललो असेन.
वडील मासे बघत होते, ते वळून बघायला लागले.

आमच्या खोलीवर शुक्रवारी कालवण असतं,
त्यामुळे करवंट्यांना तोटा नाही.
एक घासून ठेवलेली होती, तीच दिली.
कडेला करवतीने अर्धा चंद्र कापला,
काचकागद फिरवला,
कात टाकताना अंग ओरखडायला नको.
दुसरीकडे खजुराचा पुठ्ठ्याचा डबा, उपडा.
पैसे घेतले नाहीत.
फक्त म्हटलं, सारखी उचलून बघू नकोस,
आहे का, आहे का, करत.
सुखात असलं की ते दिसत नसतं.

त्या ऑगस्टात बू जासिमचं घर तुर्कस्तानला गेलं
आणि बंगला राखायला मला ठेवलं.
सहा माणसांच्या खोलीतून, लुंगीच्या पडद्यामागून उठून
मी एकदम गालिच्यांच्या दिवाणखान्यात आलो.
छत कुठे संपतं ते अंधारात कळेना.
तीन रात्री डोळा नाही.
चौथ्या रात्री गादी ओढत नेली
बुटांचं कपाट आणि भिंत यांच्या मधे,
तिथे फजरपर्यंत मेल्यासारखा झोपलो.
हे कोणाला सांगितलं नाही.
खोलीवर सगळ्यांना सांगितलं, राजासारखा राहिलो.

वडिलांचा निरोप आला होता, एकच शब्द : जेवलं.

आता पाच महिन्यांनी ऋजुता परत आली,
उंच झालेली, दातांना तारा.
लिफाफ्यात कात, न फाटलेली, डोळ्यांच्या खपल्यांसकट.
आणि ती करवंटी, धुऊन.
"काका, शेपूट बाहेर राहतं."
मी कात काउंटरवर पसरली, वितीने मोजली,
बू जासिम लांबूनच काहीतरी पुटपुटला.

गुरुवारी संध्याकाळी केरळवाल्याच्या दुकानात
मी एकेक नारळ हातात धरून फिरवत होतो.
तो म्हणाला, हलवून बघा की, पाणी कळेल.
म्हटलं, पाणी नको.
घेर बघतोय.